बुडाल्याचे पेढे

सन २०२२ ची दिवाळी. मला एकाहत्तरावं लागलेलं. देवणीकडची शेती थोरल्याच्या हवाली करून मी लातूरला धाकट्याकडं राहायला आलो आणि तीन महिन्यांतच बेजार झालो. गावाकडं माणूस उठून बैलाचं तोंड बघतो, इथं उठून गेटचं कुलूप बघायचं. शेवटी पोरानं कॉलनीच्या मागं नव्यानं झालेल्या पोहण्याच्या तलावाचा पास काढून दिला. म्हणाला, "बाबा, तुम्ही पवणारा माणूस. जावा." जे गाव रेल्वेनं पाणी आणून प्यालं, त्या गावात पाण्यात पडायला पास लागतो, हे ऐकून मी दोन दिवस पोराशी बोललो न्हाई. तिसऱ्या दिवशी गेलो.

तिथं मला दोन गोष्टी भेटल्या. एक म्हणजे नियम. तलावात उतरायचं तर नायलॉनची चड्डीच पाहिजे. मी म्हणलं, माझा आज्जा लंगोटावर पवला, बाप पवला, मी बारा परस खोल विहिरीत लंगोटावर उड्या घातल्या. चड्डी घालणार न्हाई. मॅनेजर म्हणे नियम हाय. मी म्हणलं, नियम तुमचा, लंगोट माझा. चार दिवस ही कुस्ती चालली. पाचव्या दिवशी त्यानं हात जोडले. "आजोबा, पहाटे साडेपाचच्या बॅचला या. त्या वेळी बघणारं कुणी नसतंय."

दुसरी गोष्ट म्हणजे त्या साडेपाचच्या बॅचला, कमरेएवढ्या पाण्यात, कडेचा पाइप दोन्ही हातांनी धरून उभे असलेले कंधारकर सर.

सर एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. डॉक्टर व्हायला गावोगावहून जी पोरं लातूरला येतात त्यांना. वय एकोणपन्नास. उंची बेताची, पण रुंदी देताना देवानं हात आखडला नव्हता. निळी, गुडघ्यापर्यंतची चड्डी, बाजूला पिवळा पट्टा, आणि नाडीला दोन गाठी. चष्मा काढला की त्यांना समोरचा माणूस दिसायचा न्हाई, म्हणून ते अंदाजानंच सगळ्यांना नमस्कार करायचे. एकदा खांबाला केलेला मी बघितलाय.

ते पवायला आले होते म्हणायचं, पण पंधरा दिवसांत त्यांनी पाइप सोडला नव्हता. पवायच्या ऐवजी ते शिकवायचे. काठाच्या फरशीवर ओल्या बोटानं आकृती काढायचे. गोल म्हणजे माणूस, खाली बाण, वर बाण. "आप्पा, बघा. आपण जेवढं पाणी बाजूला सारतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर आपल्याला वर ढकलतो. गृहीत धरू की पाणी स्थिर आहे." आकृती पुरी व्हायच्या आत पहिला बाण वाळून जायचा. मग ते तो परत काढायचे.

"गृहीत धरू" हा त्यांचा शब्द. चहा गार असला तर म्हणायचे, गृहीत धरू की गरम आहे. मी म्हणायचो, "सर, गृहीत धरून पोरं पास होत असतील, माणूस पवत न्हाई."

शिकवणारा रफिक मास्तर तर हात टेकून बसला होता. "सर, पानी कू समझाव मत. पानी समझा हुआ है. तुम उतरो!"

मला वाटलं, हौशी माणूस हाय, चार दिवसांनी येणं बंद करंल. पण सर एकही दिवस चुकवायचे न्हाईत. भीतीनं ओठ पांढरे झालेले, पण यायचेच. एक दिवस मी विचारलं, "सर, पाण्याची एवढी धास्ती हाय, तर येता कामून? चालायला जावा की सकाळी."

"गुडघे गेलेत, आप्पा. दोन दिवस चाललो, चार दिवस झोपून होतो." मग इकडं तिकडं बघून हळू आवाजात बोलले, "मला चौदा किलो उतरवायचेत. अक्कासाठी."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा सर दुसरीत होते आणि अक्का सातवीत. तिनं शाळा सोडली आणि चूल धरली, म्हणून ह्यांची शाळा चालू राहिली. पुढं ती उमरीला दिली. नवरा लवकर गेला. आता नांदेडला पोराकडं राहायची, कारण दोन्ही किडन्या बसल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा मशीनवर जावं लागायचं. पोराला शुगर, त्याची किडनी चालत न्हाई. सरांची सगळी तपासणी जुळली. बायकोचीही संमती होती, तिनंच घरातलं तेल-तूप बंद केलं होतं. पण डॉक्टर म्हणाले, एवढी चरबी घेऊन आम्ही तुम्हाला टेबलावर घेणार न्हाई. आधी उतरवा, मग या. आणि फार उशीर करू नका.

"अक्काला माहीत हाय?"

"नाही. ती म्हणते, माझ्यापायी माझ्या लेकरावर सुरी चालायची नाही. लेकरू म्हणजे मी." आणि एकोणपन्नास वर्षांचं ते लेकरू परत पाइप धरून उभं राहिलं.

"मग हीतं पाइपाला धरून काय करून राहिलात तुम्ही?" मी म्हणलं.

दुसऱ्या दिवशी मी घरून कासरा आणला. बैलाचा. गाव सोडताना सगळं दिलं, पण एक कासरा ठेवला होता, कशाला ते मलाच ठाऊक न्हवतं. तो सरांच्या कमरेला बांधला, दुसरं टोक माझ्या हातात. मी काठावर. म्हणलं, "देवणीचा बैलबी पहिल्यांदा नदीत घालताना असाच डोळे फिरवतो. पण बैल सिद्धांत सांगत न्हाई, एवढाच फरक. सोडा पाइप."

सोडला. आणि काय सांगावं, तो माणूस बुडेचना. आमच्याकडं पोरांच्या पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत सोडतात. ह्यांना देवानं भोपळा पुढं बांधूनच पाठवलेला. उताणे पडले की पोट वर, पोटावर पिवळ्या पट्ट्याची चड्डी, आणि सर डोळे मिटून म्हणताहेत, "सिद्ध झालं, आप्पा, सिद्ध झालं."

तिथून मग गाडी सुरू झाली. महिनाभरात हातपाय मारायला लागले. मारायचे म्हणजे काय, रफिक म्हणायचा तलावातलं निम्मं पाणी बाहेर येतं. एका कडेहून दुसऱ्या कडेला जाईपर्यंत मी काठानं कासरा धरून चालायचो. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा मोट हाकतोय.

वजन बघायला सर घरातल्या काट्यावर विश्वास ठेवायचे न्हाईत. त्यांच्या ओळखीचा एक हमाल दालमिलमध्ये होता. तिथला पोती तोलायचा काटा सरांना खरा वाटायचा. दर शनिवारी आणि सोमवारी आम्ही तलावावरून तिकडं जायचो. तुरीची पोती उतरायची आणि सर चढायचे.

तिथंच घोळ उघडा पडला. शनिवारी काटा खाली यायचा, सोमवारी परत वर. असं सहा आठवडे. मला तर काट्याच्या आधी कासऱ्यावरूनच कळायचं, सोमवारी सर वेगळे लागायचे. सर म्हणायचे, "आप्पा, हे शक्य नाही. शास्त्रात बसत नाही." मी म्हणायचो, "शास्त्रात बसत नसंल, चड्डीत तर बसतंय. काल कुठं जेवलात?"

"अक्काकडं. साधंच. भाकरी-भाजी."

खोटं बोलताना हा माणूस चष्मा पुसायचा. म्हणून पुढच्या रविवारी मी म्हणलं, मीबी येतो नांदेडला.

पहिल्या एसटीनं निघालो. अहमदपूर, लोहा करत दुपारच्या आत नांदेड. अक्काचं घर म्हणजे दोन खोल्या. अक्का बारीक, हातावर सुया टोचून टोचून गाठी आलेल्या. पण दारातून आत गेलो आणि पुरणाचा वास आला. मी सरांकडं बघितलं. सर चष्मा पुसत होते.

अक्काला काही खायची मुभा नव्हती. डाळ बंद, मीठ नावाला. पाणीसुद्धा मोजून. खिडकीत एक बाटली होती, तिला मध्यावर काळा दोरा बांधलेला. दिवसभरात दोऱ्याच्या वर जायचं न्हाई. आणि ती बाई तव्यापुढं बसून भावासाठी पुरणपोळ्या लाटत होती.

"घे रे बाळू, गरम हाय. तूप घे. हे काय, दुसरीलाच थांबलास?"

"अक्का, पोट भरलं गं."

"असं कसं भरलं? एवढा लांबून आलास. मला तर वासावरच राहायचंय. तू खाल्लं की मला खाल्ल्यागत वाटतं. वाढलेलं ताट सरकवू नये रे, आईनं काय शिकवलं?"

सर पाच पोळ्या जेवले. सहा दिवस पाण्यात घाम गाळून जे उतरवलं, ते सगळं एका बैठकीत परत जागेवर आलं.

परतीच्या गाडीत मी भडकलो. "तुम्हाला लाज हाय का? तिच्यासाठी उतरवताय अन् तिच्यासमोरच चढवताय!"

"आप्पा, तिच्याकडं आता दुसरं सुख काय राहिलंय? नाही म्हटलं तर विचारेल कामून. कारण सांगितलं तर माझी किडनी नको म्हणेल. मी दोन्हीकडून अडकलोय." खिडकीबाहेर बघत बोलले, "गृहीत धरू की..." आणि पुढं काही गृहीत धरायला सापडलं न्हाई.

माझं डोकं लोह्याच्या पुढं चाललं. म्हणलं, "पुढच्या रविवारी तुमच्या शेजारी मी बसतो. लगत."

मग काय. दर रविवारी दोघं. पाटाला पाट लावून. अक्का तव्याकडं वळली की सरांच्या ताटातली पोळी माझ्या ताटात. ती परत आली की सरांचं ताट रिकामं, माझं रिकामं, आणि ती खूश. "आप्पा, तुम्ही आलात की बाळूबी चांगलं जेवतो!" मग दुसरी वाढायची. पाचवीतली पोरं करणार न्हाईत अशी चोरी दोन बापे माणसं सहा महिने करत होती. सरांना चोरी जमायची न्हाई. पोळी उचलताना तूप सांडायचं. एकदा पोळी माझ्या धोतरात पडली. तीही मी खाल्ली. अन्न हाय.

सरांचं वजन उतरायला लागलं, ते थेट उतरतच गेलं. आणि माझं, जे एकाहत्तर वर्षांत कधी हललं नव्हतं, ते चढायला लागलं. दालमिलचा हमाल एका सोमवारी आम्हाला दोघांना एकदम काट्यावर उभं करून म्हणाला, "सर, तुमची बेरीज काई बदलंना झाली! तुम्ही आप्पाच्या अंगात भरून राहिले का काय?"

सर त्याला म्हणाले, "वस्तुमान नष्ट होत नाही, रे. एका ठिकाणाहून दुसरीकडं जातं."

"आप्पाकडं जातं म्हणा की!"

पावसाळा सरत आला तेव्हाची गोष्ट. मी आता कासरा बांधणं बंद केलं होतं, नुसता काठावर वेटोळं करून ठेवायचो. सरांना तो दिसला की धीर यायचा. त्या दिवशी तलावाच्या मधोमध जाऊन ते रोजच्यासारखे उताणे पडले. पोट वर, डोळे मिटलेले. आणि हळूहळू पाय खाली गेले, मग कंबर, मग चष्म्याविना तो गोल चेहरा. गेले खाली! मी कासरा उचलला, रफिकनं शिट्टी तोंडात धरली. तेवढ्यात सर वर आले. नाकातोंडात पाणी, डोळे लाल, ठसका लागलेला. आणि हसतायत! हातपाय मारत, कसेबसे काठाला येऊन माझा पाय धरून म्हणाले, "आप्पा! मी बुडालो! आप्पा, मी बुडतोय आता! घनता वाढली! चरबी तरंगते, ती गेली!"

रफिक माझ्याकडं बघून म्हणाला, "सर का दिमाग में पानी गया."

दुसऱ्या दिवशी सर पेढे घेऊन आले. साडेपाचच्या बॅचला एकेक. लोक विचारायचे, कसले पेढे? सर छाती पुढं काढून सांगायचे, "काल बुडालो त्याचे." स्वतः एकही खाल्ला न्हाई. त्यांच्या वाटणीचा मला दिला, सवयीनं. आणि त्या दिवसापासून ते खरे पवायला शिकले, कारण आता भोपळा राहिला नव्हता. फक्त हातपाय होते.

दसऱ्याच्या आधी डॉक्टरांनी हो म्हणलं. हैदराबादच्या दवाखान्यात नंबर लागणार होता, पण अक्काची सही पाहिजे होती. रविवारी सरांनी तिला सगळं सांगितलं. ती पोळी लाटत होती. लाटणं खाली ठेवलं, गॅस बंद केला आणि म्हणाली, "बाळू, ऊठ. घरी जा." बस्स, एवढंच.

पुढच्या रविवारी गेलो तर गॅसवर काही न्हाई. त्या घरात पाहुण्यापुढं ताट न येणं मी पहिल्यांदा बघितलं. सर खाली मान घालून बसले. अक्का भिंतीकडं तोंड करून. मशीनवर जाऊन जाऊन तिचा रंग मातीसारखा झाला होता. मी अडाणी माणूस, मला गप्प बसणं जमत न्हाई.

"अक्का," मी म्हणलं, "सहा महिने तुमच्या पोळ्या कुणी खाल्ल्या, ठाव हाय?" आणि सदरा वर करून पोट दाखवलं. "ह्यानं."

अक्कानं वळून बघितलं. "म्हणजे बाळूनं खाल्ल्याच न्हाईत?"

"एखादी खायचे. बाकीच्या सगळ्या हीतं जमा हायत."

"फसवायला कधीपासून शिकलास रे?" ती सरांना म्हणाली. सर म्हणाले, "आप्पांनी शिकवलं, पाण्यासारखंच." तिला हसायचं नव्हतं, पण हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. "पण सही करायची न्हाई मी. माझ्या लेकराला कापून मला जगायचं न्हाई."

मग मात्र मला राग आला. म्हणलं, "अक्का, आई गेली तेव्हा तुम्ही शाळा सोडून ह्याला वाढलंत. तेव्हा हा न्हाई म्हणला का? गुमान खाल्लं. आज हा पहिल्यांदा तुम्हाला वाढतोय, आणि तुम्ही ताट सरकवता? हे आमच्या देवणीकडं करत न्हाईत. वाढणाऱ्याचा असा अपमान करत न्हाईत. तुमच्या आईनं काय शिकवलं होतं, तुम्हीच सांगा."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल चालू होईना, तिला किक मारल्याचा आवाज तेवढा. मग अक्का गुडघ्यावर हात टेकून उठली.

"हात धुवा दोघं," ती म्हणाली. "पिठलं टाकते. आणि आप्पा, तुम्ही आज लांब बसा."

हीच तिची सही. कागदावरची मग झाली.

हैदराबादला मी गेलो न्हाई. पोरानं जाऊ दिलं न्हाई, म्हणाला तुमचंच बीपी वाढलंय. बातमी फोनवर आली, सरांच्या बायकोकडून. दोघंही बरी. त्या दिवशी मी तलावावर कुणालाही पेढे वाटले न्हाईत. कासरा घेऊन नुसता पायरीवर बसलो. रफिक शेजारी येऊन बसला.

दोन-अडीच महिन्यांनी नांदेडला गेलो. सरांनी तिथल्याच एका क्लासमध्ये काम धरलं होतं, अक्काच्या जवळ राहायचं म्हणून. लातूर सुटलं. मी गेलो तेव्हा सर दारातच उभे. गाल बसलेले, मान बारीक, पँट एका हातानं धरलेली. म्हणलं, "सर, पट्टा घ्या की एखादा." म्हणाले, "घेतलाय. त्याला भोकं कमी पडतात."

अक्का आतून आली. अंगावर रंग आला होता. खिडकीतली बाटली होती, पण तिचा काळा दोरा कापून टाकलेला. मला पाणी द्यायला तिनं तांब्या भरला. माझ्या हातात पेला दिला आणि तांब्या स्वतःच्या तोंडाला लावला. डॉक्टरांनी आता भरपूर पाणी प्या म्हणून सांगितलं होतं. उभ्यानं, मान मागं टाकून, गटागटा, एक थेंब न ठेवता प्याली. पाणी हनुवटीवरून पदरावर सांडलं तरी थांबली न्हाई.

सर बघत होते. मला वाटलं आता गृहीत धरू म्हणतील, बाण काढतील. त्यातलं काही न्हाई. तोंड उघडं टाकून, पँट धरून, आपल्या बहिणीला पाणी पिताना बघत उभे राहिले. मी सरांना खूप वेळा बघितलंय, बुडताना बघितलंय, पण डोळ्यापुढं आला तर तो माणूस मला असाच दिसतो.

निघताना त्यांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या पिशवीत घातलं. बघतो तर निळी चड्डी. पिवळ्या पट्ट्याची.

"मला होत नाही आता, आप्पा. खाली येते."

"मी चड्डी घालत न्हाई, तुम्हाला ठाव हाय."

"माहीत आहे. पण लंगोटाच्या नाडीची टोकं आता एकमेकांना भेटत नाहीत, हेही माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"रफिकनं."

मी रफिकला आईवरून एक शिवी दिली, अक्काची माफी मागितली आणि गाडीला लागलो. वळणावरून मागं बघितलं. एक हात वर, एक हात पँटीला, सर अजून उभेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला तलावावर गेलो. आत जाऊन कडी लावली, लंगोट घडी करून पिशवीत ठेवला आणि ती निळी चड्डी घातली. अंगाबरोबर बसली. बाहेर आलो तर रफिकच्या तोंडातली शिट्टी खाली पडली. मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. पाण्यात उतरलो, मधोमध गेलो आणि उताणा पडलो. अक्काच्या सहा महिन्यांच्या पोळ्यांनी मला असं अलगद वर धरलं की हातपाय हलवायची गरज पडली न्हाई. डॉक्टर मलाही म्हणलाय, उतरवा म्हणून. उतरवू. त्या दिवशी मी काही घाई केली न्हाई. उजाडेपर्यंत तसाच तरंगत राहिलो.